वाघाला ऑस्कर मिळाला आणि वाघ बनवणारी कंपनी बुडाली; व्हीएफएक्सचं काम आर्टिस्टला काय शिकवतं?

२४ फेब्रुवारी २०१३. लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर. ऑस्करचा सोहळा रंगात आला होता आणि 'बेस्ट व्हिज्युअल इफेक्ट्स'साठी नाव पुकारलं गेलं, 'लाइफ ऑफ पाय'.

समुद्रात भरकटलेली एक होडी, होडीत एक पोरगा आणि त्याच्यासोबत रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. सिनेमा बघून बाहेर पडलेल्या कित्येकांना तो वाघ खराच वाटला होता. त्यामुळे पुरस्काराचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

व्हिज्युअल इफेक्ट्स सुपरवायझर बिल वेस्टनहॉफर पुरस्कार घ्यायला स्टेजवर आले. आभार मानले आणि शेवटी त्यांनी वेगळाच विषय काढला. ज्या कंपनीने हा वाघ घडवला ती 'रिदम अँड ह्यूज' आर्थिक संकटात आहे, हे ते सांगायला लागले. तेवढ्यात 'जॉज' सिनेमातलं शार्कचं संगीत सुरू झालं. वेळ संपली, आता खाली उतरा असा त्याचा अर्थ. वेस्टनहॉफर बोलत राहिले, पण त्यांचा माइक बंद झाला होता.

त्याच वेळी थिएटरच्या बाहेर शेकडो व्हीएफएक्स आर्टिस्ट फलक घेऊन उभे होते. सोहळ्याच्या दोनेक आठवडे आधीच रिदम अँड ह्यूजने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता आणि सुमारे २५० जणांना घरी पाठवण्यात आलं होतं. ज्या सिनेमाने जगभरात ६० कोटी डॉलर्सहून जास्त कमाई केली, त्या सिनेमाचा वाघ बनवणाऱ्या लोकांच्या हातात नोकरी नव्हती.

पुढे अँग ली यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा ऑस्कर मिळाला. त्यांच्या भाषणातही या कंपनीचं नाव आलं नाही. त्यानंतर जगभरच्या आर्टिस्टनी सोशल मीडियावर आपला फोटो काढून तिथे नुसता हिरवा चौकोन लावला. आम्ही काम केलं नाही तर पडद्यावर एवढंच दिसेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज महाराष्ट्रातली हजारो मुलं बारावीनंतर व्हीएफएक्सच्या कोर्सला जातात. क्लासमध्ये सॉफ्टवेअर शिकवलं जातं. पण कामाला लागल्यावर जे धडे मिळतात त्यातले बरेचसे सॉफ्टवेअरच्या बाहेरचे असतात. ते कोणते, हेच समजून घेऊ.

आधी हे बघू, एक शॉट किती हातांतून जातो?

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. म्हणजे ५ सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चित्रं. त्यातल्या प्रत्येक चित्रात वाघ खरा वाटला पाहिजे.

'लाइफ ऑफ पाय'चं समुद्रातलं बरंचसं शूटिंग तैवानमध्ये तैचुंगला बांधलेल्या लाटांच्या टाकीत झालं. पायचं काम करणारा सूरज शर्मा होडीत असायचा, पण समोर वाघ नसायचा. वाघाच्या जागी कधी निळ्या कापडाचं बाहुलं ठेवलं जायचं, कधी तेही नसायचं.

शूट झालेला असा शॉट स्टुडिओत आला की काम सुरू होतं. एक टीम कॅमेरा कसा हलला होता ते मोजून कॉम्प्युटरमध्ये तसाच्या तसा कॅमेरा तयार करते. याला मॅचमूव्ह म्हणतात. दुसरी टीम पोराच्या कडेने फ्रेम-फ्रेमला रेघ काढून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं करते. हे रोटो. तिसरी टीम निळं बाहुलं, दोऱ्या, टाकीच्या भिंती पुसून टाकते. याला पेंट किंवा प्रेप म्हणतात.

दुसरीकडे वाघ तयार होत असतो. कुणी त्याचं शरीर घडवतं, कुणी आत सांगाडा बसवतं, कुणी कातडीचा पोत आणि पट्टे रंगवतं. अ‍ॅनिमेटर त्याला चालवतो. मग स्नायू, स्नायूंवरून सरकणारी कातडी आणि कातडीवरचे लाखो केस. त्यानंतर लायटिंग. आणि सगळ्यात शेवटी कंपोझिटर. पोरगा, वाघ, पाणी, आकाश हे सगळे थर एकावर एक रचून, एकाच उन्हात एकाच कॅमेऱ्याने टिपल्यासारखं चित्र बनवणं हे त्याचं काम.

या साखळीत एक कडी कच्ची राहिली की पुढच्या सगळ्यांचं काम अडतं. मॅचमूव्ह जरासा चुकला तर वाघाचे पाय होडीवरून घसरल्यासारखे दिसतात आणि अ‍ॅनिमेटर बिचारा विनाकारण बोलणी खातो. त्यामुळे नव्या आर्टिस्टला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. आपल्यानंतर ही फाइल कुणीतरी उघडणार आहे. तिला नीट नाव देणं आणि ती स्वच्छ ठेवणं हाही कामाचाच भाग आहे.

धडा पहिला : सॉफ्टवेअर नंतर, आधी डोळा

'लाइफ ऑफ पाय'साठी चार खरे वाघ आणले होते. काही मोजक्या शॉट्समध्ये ते दिसतातही, पण बहुतेक शॉट्समधला वाघ डिजिटल आहे. मग खरे वाघ कशाला? मुख्य म्हणजे बघण्यासाठी.

वाघ पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या खांद्याचं हाड पाठीच्या वर येतं. पंजावर वजन पडलं की पंजा पसरतो. पोटाखालची सैल कातडी शरीर थांबल्यावरही क्षणभर हलत राहते. त्यात होडी डुलत असेल तर तो सारखा तोल सावरत असतो. हे सगळं अ‍ॅनिमेटर्सनी तासन् तास फुटेज बघून टिपलं. वाघाच्या चेहऱ्यावर माणसाचे भाव येऊ द्यायचे नाहीत, हेही त्यांनी पाळलं. प्राण्याला अभिनय करायला लावला की तो कार्टून होतो.

हीच गोष्ट बाकीच्या विभागांना लागू आहे. घरातल्या टेबलावर चहाचा कप ठेवा आणि नीट बघा. कप जिथे टेबलाला टेकतो तिथे सावली सगळ्यात गडद असते आणि लांब जाईल तशी ती फिकट होते. कॉम्प्युटरवर बनवलेली वस्तू तरंगत असल्यासारखी वाटते तेव्हा बऱ्याचदा ही टेकल्या जागेची सावलीच राहून गेलेली असते.

किंवा माळशेज घाटातून समोर बघा. जवळचा डोंगर गडद हिरवा, त्यामागचा जरा फिकट आणि सगळ्यात लांबचा निळसर राखाडी. मधल्या हवेमुळे लांबच्या वस्तूतला काळा रंग काळा राहत नाही. कंपोझिटर शंभर फूट लांबचं जहाज आणि दोन मैल लांबचं जहाज यात फरक दाखवतो तो याच नियमाने.

सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलतं, कपाची सावली बदलत नाही. त्यामुळे या क्षेत्रातली जुनी माणसं नव्या मुलांना सांगतात, फोटो काढा, स्केच करा, रस्त्यावरचा उजेड बघा.

धडा दुसरा : काम चांगलं झालं की ते दिसतच नाही

१९९४ सालचा 'फॉरेस्ट गम्प' आठवतो का? त्यात लेफ्टनंट डॅनचे दोन्ही पाय युद्धात जातात. ही भूमिका करणाऱ्या गॅरी सिनिस यांचे पाय धडधाकट आहेत. शूटिंगच्या वेळी त्यांच्या पायांवर निळं कापड चढवलं जायचं आणि नंतर आर्टिस्टनी ते पाय पुसून टाकले, पायांमागे जे दिसायला हवं होतं ते रंगवलं.

प्रेक्षकाला तिथे काहीच जाणवलं नाही. त्याने डॅनचं दुःख बघितलं. म्हणजे आर्टिस्ट जिंकला, पण तो जिंकला हे कुणाला कळलंच नाही.

व्हीएफएक्समध्ये बहुतेक काम असंच असतं. स्फोट, राक्षस आणि उडणारे हिरो ही झाली दर्शनी बाजू. त्याच्या मागे विजेच्या तारा पुसणं, आकाश बदलणं, मागच्या गर्दीत माणसं वाढवणं, जुन्या काळातल्या रस्त्यावरून आजच्या पाट्या काढून टाकणं अशी कामं चाललेली असतात. प्रेक्षक 'व्हीएफएक्स' हा शब्द उच्चारतो तो बहुधा वाईट काम दिसल्यावरच.

यात आणखी एक पेच आहे. आजकाल आमच्या सिनेमात सगळं खरं आहे, अशी जाहिरात करायची पद्धत आहे. २०२२ मध्ये आलेल्या 'टॉप गन: मॅव्हरिक'ची प्रसिद्धी खऱ्या विमानांवर आणि खऱ्या उड्डाणांवर झाली आणि कलाकार खरोखरच विमानात बसले होते. पण त्याच सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. म्हणजे काम झालं होतं, फक्त त्याचा गाजावाजा नव्हता.

आर्टिस्ट यातून काय शिकतो? शाबासकीची वाट बघत बसलं तर या धंद्यात टिकणं कठीण आहे. आपलं काम किती जमलंय याचा काटा स्वतःकडेच ठेवावा लागतो. पण याचीच दुसरी बाजूही आहे. न दिसणाऱ्या कामाची किंमत मागणं अवघड असतं. डॉल्बी थिएटरमध्ये बंद झालेला माइक ही त्याचीच गोष्ट होती.

धडा तिसरा : शॉट तुमचा असतो, पण तुमचा नसतो

स्टुडिओत 'डेलीज' नावाचा प्रकार असतो. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे शॉट लावले जातात. ५ सेकंदांचा शॉट पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि सुपरवायझर त्यातल्या चुका काढतो. तीन आठवडे ज्याच्यावर जीव ओतला त्याचं पोस्टमॉर्टेम सगळ्यांसमोर होतं.

नवीन मुलगा इथे दोन चुका करतो. एक, शॉट पूर्ण चकचकीत झाल्याशिवाय दाखवायला आणत नाही. मग दिशाच चुकलीय हे कळेपर्यंत तीन आठवडे गेलेले असतात. दुसरी, शॉटवरची टीका स्वतःवर घेतो. अनुभवी आर्टिस्ट कच्चा शॉट लवकर दाखवतो, मिळालेल्या सूचना लिहून घेतो आणि 'हे का बदलायचं?' याआधी 'यातून काय दिसायला हवंय?' असं विचारतो. कारण दिग्दर्शक म्हणतो "वाघ अजून जड वाटू दे", तेव्हा उत्तर वाघाच्या आकारात असेल, चालीत असेल किंवा होडी किती दबते त्यातही असेल.

प्रत्येक बदलानंतर फाइलचा नंबर वाढतो. व्हर्जन १, २, ३ असं करत आकडा कधी पन्नाशीच्या पुढेही जातो. आणि अनेकदा असंही होतं की शेवटी व्हर्जन ४ च पसंत पडतं. म्हणून जुनं काही फेकायचं नाही.

'कुड बी बेटर' असाही एक शेरा असतो. म्हणजे शॉट पास आहे, वेळ उरला तर अजून सुधारा. वेळ सहसा उरत नाही. आर्टिस्टला मात्र तो शॉट थिएटरात बघताना ती एक कड आयुष्यभर खुपत राहते. कुठे थांबायचं हे कळणं ही या कामातली अवघड विद्या आहे.

बदल किती मोठा असू शकतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'सॉनिक द हेजहॉग'. ३० एप्रिल २०१९ ला ट्रेलर आला. सॉनिकचे माणसासारखे दात आणि बारीक डोळे बघून लोकांनी गोंधळ घातला. दोन दिवसांत दिग्दर्शकाने जाहीर केलं की सॉनिकचं रूप बदलणार. नोव्हेंबर २०१९ चं प्रदर्शन फेब्रुवारी २०२० वर गेलं. सिनेमाचा मुख्य हिरोच पुन्हा घडवायचा म्हणजे तो ज्या ज्या शॉटमध्ये आहे तो प्रत्येक शॉट पुन्हा करायचा. नवा सॉनिक प्रेक्षकांना आवडला. सिनेमा चालला. पण प्रदर्शनाच्या आधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, सॉनिकवर काम करणारा एमपीसी कंपनीचा व्हँकूव्हरचा स्टुडिओ बंद झाला होता.

धडा चौथा : ऑस्करने पगार निघत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिदम अँड ह्यूज ही काही काल आलेली कंपनी नव्हती. १९८७ साली सुरू झालेल्या या कंपनीने 'बेब'मधल्या बोलणाऱ्या डुकरासाठी आणि 'द गोल्डन कंपास'मधल्या प्राण्यांसाठी ऑस्कर मिळवले होते. 'लाइफ ऑफ पाय'चा तिसरा. मग ती बुडाली कशी?

यासाठी लग्नाच्या केटररचं उदाहरण घ्या. त्याने ३०० पानांचे पैसे आधीच ठरवून घेतले. आदल्या दिवशी मुलीकडचे म्हणाले, जिलेबीऐवजी बासुंदी करा. सकाळी म्हणाले, बासुंदी नको, श्रीखंड. आणि पैसे? ते ठरलेत तेवढेच. वर लग्न दोन आठवडे पुढे गेलं, तरी आचाऱ्यांची मजुरी केटररनेच भरायची. त्याने नाही म्हटलं तर पुढच्या लग्नाला शेजारचा केटरर तयारच आहे.

व्हीएफएक्स कंपन्यांचा धंदा बराचसा असाच चालतो. सिनेमा सुरू व्हायच्या आधी कंपन्या बोली लावतात. अमुक इतके शॉट, अमुक इतके पैसे. जो कमीत करेल त्याला काम. पण शॉट कसा हवा हे दिग्दर्शकाला अनेकदा तो तयार होत असतानाच कळतं. बदल होत जातात. काही बदलांचे जास्तीचे पैसे मिळतात, बरेचसे कंपनीच्या अंगावर पडतात. मोठे सिनेमे बनवणारे स्टुडिओ मोजके, त्यामुळे त्यांना दुखावणं परवडत नाही. एखाद्या सिनेमाचं वेळापत्रक लांबलं तर शेकडो आर्टिस्टना बसवून पगार द्यावा लागतो. नफा इतका थोडा की असे दोन धक्के पुरतात.

त्यात भर सरकारी सवलतींची. कॅनडातले ब्रिटिश कोलंबिया आणि क्वेबेक हे प्रांत, ब्रिटन अशा ठिकाणी सिनेमाचं काम केलं तर सरकार खर्चाचा काही भाग परत करतं. मग स्टुडिओ म्हणतात, काम तिकडे करा. कंपन्या तिकडे ऑफिस उघडतात आणि आर्टिस्ट बॅग उचलून मागे जातो. आज लॉस एंजेलिस, उद्या व्हँकूव्हर, परवा लंडन. मुलांच्या शाळा, आईवडिलांचं आजारपण, घराचं कर्ज हे सगळं या बॅगेत बसवायचं असतं.

रिदम अँड ह्यूजच्या शेवटच्या दिवसांवर २०१४ मध्ये 'लाइफ आफ्टर पाय' नावाची डॉक्युमेंटरी आली. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये 'टायटॅनिक'चे इफेक्ट्स करणारी डिजिटल डोमेन दिवाळखोरीत गेली होती.

आणि ही गोष्ट तिथे संपली नाही. 'लाइफ ऑफ पाय'मध्ये वादळात जहाज बुडतं तो प्रसंग एमपीसीने केला होता. याच एमपीसीने पुढे 'द जंगल बुक' आणि '१९१७'साठी ऑस्कर पटकावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मालक कंपनी टेक्निकलर कोसळली आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडातले स्टुडिओ बंद पडले. झळ बेंगळुरूपर्यंत आली. तिथल्या ऑफिसात हजारो लोक काम करत होते. म्हणजे 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ करणारी कंपनी सिनेमा गाजत असताना संपली आणि वादळ करणारी १२ वर्षांनी.

आर्टिस्ट यातून शिकतो तो धडा रोखठोक आहे. कंपनीचं नाव मोठं असणं आणि आपली नोकरी पक्की असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून जुने लोक सांगतात, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. परवानगी मिळेल तसं आपल्या कामाचं रील अपडेट ठेवा. आणि सोबत काम केलेल्या लोकांशी संबंध टिकवा, कारण पुढची नोकरी बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच कळते.

मुंबईचा संबंध कुठे येतो?

अगदी सुरुवातीपासून येतो. रिदम अँड ह्यूजचे मुंबई आणि हैदराबादला स्टुडिओ होते आणि 'लाइफ ऑफ पाय'वर तिथल्या आर्टिस्टनीही काम केलं होतं. दिवाळखोरीनंतर ही कंपनी ज्यांनी घेतली त्या प्राणा स्टुडिओजचंही मुंबईत मोठं काम होतं. २०१४ मध्ये मुंबईची प्राइम फोकस आणि लंडनची डबल निगेटिव्ह एकत्र आल्या. 'इंटरस्टेलर' आणि 'ड्यून'चे ऑस्कर मिळवणारी डीनेग ती हीच.

भारतात हे काम वाढलं त्याचं मोठं कारण रोटो. २००९ च्या 'अवतार'नंतर हॉलिवूडला थ्रीडीचं वेड लागलं. साधा शूट केलेला सिनेमा नंतर थ्रीडी करायचा तर त्यातली प्रत्येक गोष्ट रेघ काढून वेगळी करावी लागते. माणूस, त्याचा हात, हातातली तलवार, मागचा खांब, सगळं. हजारो हात लागणारं हे काम मुंबई, चंदीगड, हैदराबादकडे आलं.

रोटोचं तंत्र मात्र जुनं आहे. मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. शंभर वर्षांनंतर आपल्याकडच्या हजारो मुलांची या क्षेत्रातली पहिली नोकरी तीच ठरली. वाऱ्यावर उडणारे केस फ्रेम-फ्रेमला कापत बसणं कंटाळवाणं असतं, पगारही बेताचा असतो. पण दोन वर्षं रोटो केलेल्या मुलाला धावणारा माणूस कसा हलतो, हलत्या वस्तूची कड किती पुसट होते हे पाठ झालेलं असतं. जे पुढे चांगले कंपोझिटर होतात त्यातल्या अनेकांचा डोळा इथेच तयार होतो.

धडा पाचवा : शरीराची व्हर्जन निघत नाही

प्रदर्शनाची तारीख पोस्टरवर छापलेली असते. ती सहसा हलत नाही. दिग्दर्शकाचे बदल उशिरा येतात, एडिट उशिरा पक्कं होतं आणि साखळीच्या शेवटी असलेल्या व्हीएफएक्सवाल्यांकडे उरतात त्या रात्री. याला 'क्रंच' म्हणतात. आठवडेच्या आठवडे बारा-चौदा तास खुर्चीत. मनगट, मान, कंबर आणि डोळे एकामागून एक बोलायला लागतात.

डोळ्यांचा हा त्रास तर आपल्या सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके सिनेमा शिकण्यासाठी रोज तासन् तास चित्रपट बघायचे, झोप अपुरी व्हायची. या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनंतर ती परत आली. त्याच फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, दिवसाला एक फ्रेम टिपत त्याच्या वाढीची फिल्म बनवली आणि पुढे 'लंकादहन', 'कालिया मर्दन'मध्ये ट्रिक फोटोग्राफीने प्रेक्षकांना थक्क केलं. आपल्याकडचा पहिला इफेक्ट्सवाला कोण, तर तेच.

हॉलिवूडमध्ये कॅमेरा, मेकअप, वेशभूषा अशा विभागांना युनियनचं संरक्षण जुनं आहे. व्हीएफएक्सला ते कित्येक दशकं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. पुढच्याच महिन्यात डिस्नेच्या कर्मचाऱ्यांनीही तेच केलं. पण हे थेट स्टुडिओच्या पगारावर असलेले थोडे लोक. बोली लावून काम घेणाऱ्या कंपन्यांतले बहुसंख्य आर्टिस्ट अजून त्या बाहेरच आहेत.

सध्या तरी आर्टिस्टच्या हातात छोट्या गोष्टी आहेत. चांगली खुर्ची, तासातासाने उठणं, नोकरी घेताना ओव्हरटाइमचं काय ते लेखी विचारणं. आणि आजारी असताना आजारी आहे म्हणून सांगणं. शॉटची ५० व्हर्जन निघतात, मनगटाची निघत नाहीत.

मग आता एआयचं काय?

२०२१ मध्ये कंपोझिटिंगच्या 'न्यूक' सॉफ्टवेअरमध्ये 'कॉपीकॅट' नावाचं टूल आलं. आर्टिस्टने काही फ्रेम करून दाखवल्या की बाकीच्या फ्रेम ते बघून बघून करायचा प्रयत्न करतं. जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं की 'एल एटर्नॉटा' या अर्जेंटिनाच्या मालिकेत इमारत कोसळण्याचा प्रसंग जनरेटिव्ह एआय वापरून केला आणि तो नेहमीच्या पद्धतीपेक्षा १० पट वेगाने झाला.

रोटो आणि पेंट ही कामं सगळ्यात आधी यंत्राकडे जातील असं अनेकांना वाटतं. कंटाळवाणं काम गेलं तर बरंच, असं वरवर बघता वाटेल. अडचण अशी की आपल्याकडची मुलं याच दारातून आत येतात. दारच गेलं तर डोळा तयार होणार कुठे आणि दहा वर्षांनी सुपरवायझर कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कंपन्यांना आणि कोर्स चालवणाऱ्यांनाही द्यावं लागेल.

आज कोर्सला जाणाऱ्या मुलांसाठी मात्र पहिलाच धडा पुन्हा महत्त्वाचा होतो. यंत्र दहा मिनिटांत दहा शॉट करून देईल. त्यातला कोणता खोटा वाटतोय आणि का, हे सांगणारं माणूस लागेलच. बटणं कोणती दाबायची एवढंच शिकवणारा कोर्स आणि बघायला शिकवणारा कोर्स यातला फरक फी भरण्याआधी तपासायला हवा. तिथल्या जुन्या मुलांना भेटा, त्यांचं काम बघा, कोर्सनंतर ते काय करतायत ते विचारा.

आणि प्रेक्षकाने काय करायचं? सिनेमा संपल्यावर नावांची यादी सुरू होते. लोक उठतात, पार्किंगकडे पळतात. त्या यादीत व्हीएफएक्सची शेकडो नावं बारीक अक्षरात दोन-तीन रांगांमध्ये वर सरकत असतात. नीट बघितलंत तर त्यात जोशी, शिंदे, पाटील, गायकवाड अशी आडनावंही सापडतील. पुढच्या वेळी दोन मिनिटं जास्त बसा. डॉल्बी थिएटरमध्ये माइक बंद झाला तेव्हा वेस्टनहॉफर याच लोकांबद्दल बोलत होते.